कंपवात: गोळीशिवाय चालत नाही, आणि गोळीचा त्रासही सोसवत नाही

कृष्णाकाठची_माई | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार. वाचते नेहमी, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या यांना २०१५ साली कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं, निदान झालं. वय अठ्ठावन्न, एस.टी.च्या वर्कशॉपमधून नुकतेच निवृत्त झालेले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी हलायची. सही बारीक होत होत इतकी बारीक झाली की बँकेतून चेक परत आला, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. लेव्होडोपाची गोळी सुरू झाली आणि पंधरा दिवसांत माझा माणूस मला परत मिळाला. पाच वर्षं फार चांगली गेली. सकाळी मळ्यात जाऊन यायचे, नातवाची सायकल दुरुस्त करायचे.

आता अकरावं वर्ष चालू आहे. दिवसातून सहा वेळा गोळी. चढायला पाऊण तास लागतो, मग दीड-दोन तास बरे जातात, मग उतरते. उतरली की खुर्चीतून उठता येत नाही, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आवाज खोल जातो. आणि चढली की दुसरंच. मान झोके खाते, खांदा आणि कंबर वळवळत राहते. भाचीच्या लग्नात पंगतीत बसले होते, मागून कुणीतरी म्हणालं, "मामा दुपारीच घेऊन आलेत वाटतं." यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही. ते वाक्य यांनी ऐकलं. तेव्हापासून कुठल्याही कार्याला येत नाहीत.

दिवाळीपासून आणखी एक. संध्याकाळी देवघराच्या कोपऱ्यात एक लहान मुलगा बसलेला दिसतो. घाबरत नाहीत, पण मला म्हणतात, "त्याला काहीतरी खायला दे गं, कधीचा बसलाय." मी मागच्या भेटीत डॉक्टरांना सांगायला गेले. "वय झालंय, औषध चालू ठेवा," एवढंच उत्तर मिळालं. बाहेर चाळीस पेशंट होते, त्यांचंही मला कळतं. पण घरी येऊन मी रडले.

रोगामुळे काय होतंय आणि गोळीमुळे काय होतंय, हे कसं ओळखायचं? आणि इतक्या वर्षांत याहून बरं औषध का निघालं नाही?

---

तुळशीवृंदावन | ३ मार्च, रात्री १०:१५

माई, पंगतीतलं वाक्य वाचून गलबलून आलं. आमच्या आईचंही असंच. देवळात बायका तिच्याकडे बघत राहायच्या, म्हणून ती देवळात जायची थांबली. उत्तर माझ्याकडे नाही, पण तुम्ही एकट्या नाही एवढं सांगावंसं वाटलं.

---

निशिगंध_१२ | ३ मार्च, रात्री ११:३०

मी न्यूरॉलॉजी विभागात काम करते. इथे कोणाचीही गोळी बदलायला सांगणार नाही, पण समजावून नक्की सांगते.

कंपवातात मेंदूच्या एका छोट्या भागातल्या, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन बनतं. नुसतं लेव्होडोपा दिलं तर बरंचसं वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामिन होऊन जातं आणि मळमळ-उलट्या होतात. म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात, ते ही वाटेतली गळती थांबवतं. पाकिटावरच्या ११० म्हणजे १० कार्बिडोपा आणि १०० लेव्होडोपा, १२५ म्हणजे २५ आणि १००.

सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवतात आणि लागेल तसं सोडतात. म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर दिवस सपाट जातो. लेव्होडोपा रक्तातून फार लवकर निघून जातं, दीड तासात निम्मं. पुढे साठवणाऱ्या पेशीच उरत नाहीत, मग रक्तात जे चढतं-उतरतं तेच मेंदूत चढतं-उतरतं. टाकी फुटलेल्या घरात नळाला पाणी असेल तेवढा वेळच पाणी, तसं. काकांची वळवळ, जिला आम्ही डिस्कायनेसिया म्हणतो, ती या चढउतारातूनच येते. चार ते सहा वर्षं लेव्होडोपा घेतलेल्यांपैकी साधारण चाळीस टक्क्यांना ती कमी-अधिक होते. कमी वयात कंपवात झालेल्यांना जास्त.

माई, एक विचारते. काकांच्या सगळ्या गोळ्या लिहाल का? रक्तदाब, झोप, चक्कर, लघवी, सगळ्या. मुलगा दिसतो त्यामागे काय असेल ते त्यावरून थोडं कळेल.

---

माळरान | ४ मार्च, सकाळी ७:०५

माझ्या शेजाऱ्यांना यंदाच निदान झालंय. ते म्हणतात, "गोळीची पाचच वर्षं असतात, म्हणून जमेल तेवढी उशिरा सुरू करायची." हात कापतोय, शर्टची बटणं लागत नाहीत, तरी गोळी घेत नाहीत. बरोबर आहे का हे?

---

निशिगंध_१२ | ४ मार्च, सकाळी ८:२०

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक आपली चांगली वर्षं त्यापायी वाया घालवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

घाना आणि इटलीतल्या पेशंटची तुलना केलेला एक अभ्यास २०१४ साली आला. घानात औषध सहज मिळत नाही, म्हणून तिथे लेव्होडोपा सरासरी सव्वाचार वर्षांनी सुरू झालं होतं, इटलीत सुमारे अडीच वर्षांनी. तरी वळवळ दोन्हीकडे आजार सुरू झाल्यापासून साधारण तितक्याच काळाने दिसली. म्हणजे उशीर करून काही वाचलं नाही, मधली वर्षं तेवढी अवघडली. नेदरलँड्समध्ये ४४५ पेशंटवर झालेल्या अभ्यासातही (२०१९) लवकर सुरू केल्याने नुकसान दिसलं नाही. रोगाची चाल मंदावली असंही दिसलं नाही, हेही खरं. डोस मात्र गरजेपुरताच असावा, कारण मोठ्या डोसने वळवळ लवकर येते.

---

कृष्णाकाठची_माई | ४ मार्च, सकाळी ११:००

डबीतून काढून लिहिते. लेव्होडोपा-कार्बिडोपा १२५ सहा वेळा. अमँटाडिन १०० दोन वेळा, सकाळी आणि रात्री. ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम तीन वेळा, ही पहिल्या वर्षापासून आहे. रक्तदाबाची एक. चक्कर येते म्हणून आमच्या गावातल्या डॉक्टरांनी दिलेली प्रोक्लोरपेराझिन, लागेल तशी. रक्त कमी आहे म्हणून लोहाची एक, ती सकाळच्या गोळीबरोबरच देते, विसरायला नको म्हणून. आणि सगळं दुधाबरोबर, पोटाला आधार म्हणून.

---

निशिगंध_१२ | ४ मार्च, दुपारी १:४५

माई, बरं झालं लिहिलंत. ही यादी जशीच्या तशी कागदावर उतरवा आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ लवकर घ्या. मनाने काहीही बंद करू नका. लेव्होडोपा अचानक बंद केलं तर ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपणं, असा जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. ट्रायहेक्सिफेनिडिल आणि अमँटाडिनही हळूहळूच उतरवायची असतात.

डॉक्टरांना हे विचारा:

ट्रायहेक्सिफेनिडिल थरथरीसाठी तरुण माणसाला ठीक. साठीच्या पुढे त्याने तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही, लघवी अडते, विसराळूपणा आणि भास वाढतात. दहा वर्षं तीच चालू आहे. आज तिची गरज आहे का? अमँटाडिनने वळवळ कमी होते, पण भास तिच्यानेही होतात, आणि रात्री घेतली तर झोप जाते. पायांवर जाळीसारखे जांभळट डाग किंवा घोट्यांना सूज दिसली तर तेही सांगा.

प्रोक्लोरपेराझिनबद्दल तर आजच फोन करा. ते मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतं. म्हणजे एका हाताने आपण डोपामिन देतोय आणि दुसऱ्या हाताने दार लावतोय. उलटीसाठी देतात ते मेटोक्लोप्रमाइडही तसंच, आणि भासांसाठी देतात ते हॅलोपेरिडॉलही. मळमळीला डॉम्पेरिडोन चालतं, हृदयाचा आलेख बघून.

चक्कर कधी येते? उठल्यावर? मग आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी असा रक्तदाब मोजा. वरचा आकडा वीसने किंवा जास्त उतरत असेल तर ती चक्कर रक्तदाब पडण्याची आहे. कंपवात आणि त्याची औषधं, दोन्हींनी तसं होतं, आणि वरून रक्तदाब उतरवणारी गोळी चालू आहे.

भास आजारानेही होतात. लघवीच्या जंतुसंसर्गानेही अचानक वाढतात, म्हणून तीही तपासून घ्या.

---

औषधाचं_दुकान | ४ मार्च, दुपारी ३:१०

बावीस वर्षं काउंटरवर आहे. ताईंनी सांगितलं त्यात दोन गोष्टी जोडतो. लोहाची गोळी लेव्होडोपाला आतड्यात धरून ठेवते, ते रक्तात कमी जातं. दोन तासांचं अंतर ठेवा. आणि दूध! प्रथिनं पचून जे तयार होतं ते आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जातात, आतड्यातही आणि मेंदूपाशीही. दाराशी गर्दी झाली की गोळी बाहेर. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर द्या.

कंपवाताच्या पेशंटच्या घरचे लोक गोळी न्यायला येतात, "कशाबरोबर घ्यायची" हे दहातला एखादा विचारतो. आता मी स्वतःहून सांगतो.

---

तुळशीवृंदावन | ४ मार्च, दुपारी ४:००

हे आम्ही अनुभवलंय. दुपारी उसळ-वरण-ताक झालं की आईची दोनची गोळी लागतच नसे. मग वरण-उसळ-पनीर सगळं रात्रीच्या जेवणात नेलं, दुपारी भात-भाजी-भाकरी. दुपार सुधारली. प्रथिनं बंद मात्र करू नका, आधीच वजन उतरत असतं यांचं.

---

पेठेतला | ४ मार्च, रात्री १०:५०

दोन दिवस विचार करतोय लिहू की नको. टोपणनावाने लिहितोय म्हणून जमतंय.

बाबा बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर पै-पैचा हिशेब. कंपवातासाठी त्यांना प्रामिपेक्सोल सुरू झालं, डोस वाढत गेला. वर्षभराने कळलं की ते रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतात. साडेचार लाख गेले होते. आईच्या बांगड्या गहाण होत्या. मी त्यांच्याशी जे बोललो ते इथे लिहवत नाही. आईने दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते फक्त म्हणायचे, "मला थांबता येत नाही रे."

गोळीने असं होऊ शकतं हे आम्हाला चुलतबहिणीने सांगितलं. दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला. मधले काही आठवडे फार वाईट गेले, बेचैनी, घाम, रडणं. मग तीन महिन्यांनी एक दिवस बाबांनी स्वतः मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता ओढ नाही वाटत."

पैशांचं जाऊ दे. मी त्यांना जे बोललो ते परत घेता येत नाही.

---

निशिगंध_१२ | ५ मार्च, सकाळी ७:३०

दादा, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. बाबांचा स्वभाव बिघडला नव्हता. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांनी मेंदूतल्या बक्षिसाच्या, हव्यासाच्या यंत्रणेवर ताण येतो. अमेरिका-कॅनडात तीन हजारांहून जास्त कंपवात पेशंट तपासले (२०१०), तर १३.६ टक्क्यांना जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर लैंगिक ओढ यांपैकी काहीतरी होतं. या गटातली औषधं घेणाऱ्यांत प्रमाण १७ टक्के, न घेणाऱ्यांत सात.

शंभरात सतरा. तरी आपल्याकडे हे विचारलं जात नाही, कारण डॉक्टरला संकोच आणि घरच्यांना लाज. लैंगिक त्रासाबद्दल तर बायका माझ्याशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, आणि एकदा बोलल्या की थांबत नाहीत. गोळी सुरू करतानाच पेशंट आणि जोडीदार दोघांना समोर बसवून सांगितलं पाहिजे. गाडी चालवताना अचानक झोप लागते, हेही याच औषधांचं. तेही सांगायला हवं.

---

माळरान | ५ मार्च, सकाळी ९:१५

मग आयुर्वेदिक बरं नाही का? खाजकुयलीच्या बियांत हेच औषध असतं म्हणतात, आणि नैसर्गिक असल्याने त्रास नाही.

---

औषधाचं_दुकान | ५ मार्च, सकाळी १०:००

पहिलं खरं, दुसरं नाही. कवचबीजात, म्हणजे खाजकुयलीच्या बियांत, लेव्होडोपाच असतं. १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं करून दाखवलं होतं. पण मग त्रासही लेव्होडोपाचाच होणार. त्यात कार्बिडोपा नाही, म्हणून मळमळ जास्त. आणि एका चूर्णात किती, दुसऱ्यात किती, याचा मेळ नाही. गोळी चालू असताना न सांगता वरून चूर्ण घेणारे पेशंट वळवळ वाढून येतात. घ्यायचंच तर न्यूरॉलॉजिस्ट आणि वैद्य दोघांना सांगून घ्या.

---

हडसनपार | ५ मार्च, संध्याकाळी ७:२०

मी न्यू जर्सीत असतो, मूळचा कोल्हापूरचा. वय ४९. एक्केचाळिसाव्या वर्षी निदान. माईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण रात्री झोप येत नाही तेव्हा मीही तेच वाचत बसतो.

१९५७ साली स्वीडनच्या कार्लसन यांनी औषध देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा टोचलं आणि ससे उठून हलू लागले. १९६१ साली व्हिएन्नात पहिल्यांदा ते पेशंटना शिरेतून दिलं. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये कोत्झियास यांनी डोस हळूहळू चढवत नेऊन ते तोंडावाटे रोज घेता येईल हे दाखवलं. कार्बिडोपा जोडलेली गोळी अमेरिकेत १९७५ साली आली. मी जन्मलो १९७७ साली. माझ्या जन्माआधीची गोळी मी आज सकाळी साडेसहाला घेतली, आणि तिच्यापेक्षा चांगली गोळी जगात कुठेच नाही. हे मला अमेरिकेत राहूनही तेवढंच लागू आहे.

मधे जे आलं त्यातलं बहुतेक त्याच डोपामिनला सपाट ठेवण्याची खटपट आहे. एन्टाकापोन, ओपिकापोन गोळीचा परिणाम लांबवतात. रसाजिलिन, सॅफिनामाइड डोपामिन टिकवतात. मेंदूत तार बसवून विजेचे ठोके देण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस. ती फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या बेनाबिड यांनी १९८७ साली सुरू केली, भारतातही होते. वळवळ आणि चढउतार यांवर ती खरोखर गुण देते, पण खर्च लाखांत, आणि भास किंवा स्मृतीचा त्रास असलेल्यांना सहसा करत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे त्वचेखालून चोवीस तास लेव्होडोपाचं द्रवरूप सोडणाऱ्या पंपाला मंजुरी मिळाली. माझ्या गटातल्या एकाला तो लागलाय. दिवस सपाट झाला म्हणतो, पण सुईच्या जागी गाठी येतात, जंतुसंसर्ग होतो.

रोग थांबवणारं मात्र एकही नाही. मधुमेहाच्या एक्सेनाटाइडवर माझी फार आशा होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ९६ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला, उपयोग दिसला नाही. ती बातमी मी गाडीत बसून वाचली आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मूळ पेशींपासून बनवलेल्या डोपामिनच्या पेशी मेंदूत सोडण्याचे दोन अभ्यास आले, एक उत्तर अमेरिकेतला, बारा जणांवर, दुसरा क्योटोचा, सात जणांवर. पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या, गंभीर अपाय दिसला नाही. सुरक्षितता बघणारी ही पहिली पायरी आहे. "मूळ पेशींनी कंपवात बरा" म्हणून जाहिराती करून पैसे घेणाऱ्यांकडे जाऊ नका. खऱ्या चाचणीत पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

मला बरं करणारं औषध हवंच आहे. पण त्याच्या आधी मला असं औषध हवंय की ज्याने माझ्या मुलीच्या शाळेत स्टेजसमोर बसताना मला घड्याळ बघावं लागणार नाही.

---

तुळशीवृंदावन | ५ मार्च, रात्री ८:४५

शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. तिने मान हलवली.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची पीडीएमडीएस ही कंपवाताच्या पेशंटसाठीची संस्थाही आहे. मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आई तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा सगळेच कुठेतरी हलत होते, कुणी टक लावून बघत नव्हतं. घरी येऊन ती पोटभर जेवली. काकांना एकदा न्या, माई.

---

कृष्णाकाठची_माई | १९ एप्रिल, रात्री ९:०५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

प्रोक्लोरपेराझिन त्याच दिवशी फोन करून बंद केली. रक्तदाब मोजला, झोपून १३८, उभं राहून १०४. रक्तदाबाची गोळी आता निम्मी केली आहे. नव्या डॉक्टरांकडे यादी आणि रोजच्या नोंदींची वही घेऊन गेले. त्यांनी वही पूर्ण वाचली. ट्रायहेक्सिफेनिडिल पाच आठवड्यांत उतरवत आणली, आता बंद आहे. अमँटाडिनची रात्रीची गोळी दुपारी आणली. लोह रात्री, दूधही रात्री.

मुलगा गेले बारा दिवस दिसला नाही. यांनीच काल विचारलं, "तो हल्ली येत नाही का गं?" मला काय उत्तर द्यावं सुचेना.

वळवळ आहे तशीच. डीबीएससाठी तपासण्या करू म्हणाले, पण वय आणि झालेले भास बघून ठरवतील. पैशांची जुळणी हा वेगळाच विषय. पण परवा भाचीच्या बाळाच्या बारशाला आले. मी गोळीची वेळ बघून निघाले होते. पाळण्याजवळ उभे राहिले तेव्हा अंग झुलत होतं. भाचीने सगळ्यांसमोर सांगितलं, "मामाला कंपवात आहे, गोळीने असं हलतं." कुणी काही बोललं नाही. यांनी पाळण्याची दोरी धरली.

---

माळरान | २० एप्रिल, सकाळी ६:५०

शेजाऱ्यांनी गोळी सुरू केली, माई. वहीत काय काय लिहिता ते सांगाल का? त्यांच्या मुलीला हवंय.

---

कृष्णाकाठची_माई | २० एप्रिल, सकाळी ७:४०

दोनशेपानी वही, आडवी धरून रकाने पाडलेत. गोळी कोणती, किती वाजता दिली. किती वाजता चढली, किती वाजता उतरली. वळवळ: नाही, थोडी, फार. जेवण किती वाजता, त्यात वरण-उसळ होती का. शौचाला झालं का, कारण पोट साफ नसलं की गोळी उशिरा चढते. रक्तदाब झोपून आणि उभं राहून, आठवड्यातून दोनदा. रात्री झोप किती. पडले का. काही दिसलं का. आणि शेवटचा रकाना पेठेतल्या दादांचं वाचून वाढवला: पैसे, खरेदी, खाणं, मोबाइल यांत काही नवीन वाटतंय का. तो रकाना यांनाच भरायला देते.